पणजोबांचे चित्र व्हिएन्नाच्या लिलावात दिसले, आता पुढे काय?

वाचकाचे पत्र

स.न.वि.वि.

माझी आजी व्हिएन्नाची ज्यू. १९३९ च्या सुरुवातीला ती इटलीतल्या त्रिएस्त बंदरातून बोटीने मुंबईला आली, पुढे पुण्याच्या डॉक्टर आजोबांशी तिचे लग्न झाले आणि ती इथलीच झाली. तिचा भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला. वडील व्हिएन्नात दंतवैद्य होते. ते मागे राहिले, १९४२ मध्ये त्यांना पूर्वेकडे नेले आणि ते परत आले नाहीत. त्यांच्या घरात टीना ब्लाऊ या चित्रकर्तीचे एक छोटे तैलचित्र होते, असे आजी सांगायची. आईच्या कपाटात आता तीन वस्तू सापडल्या आहेत. दिवाणखान्याचा एक फोटो, ज्यात भिंतीवर ते चित्र दिसते. पेन्सिलीने लिहिलेली जर्मन यादी, तीत ‘ब्लाऊ, प्राटर, २८ × ४२’. आणि मालवाहतूक कंपनीची पावती. व्हिएन्नातल्या एका लिलावगृहाच्या दोन वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगमध्ये मला अगदी तसेच चित्र दिसले: लाकडी फळीवर तैलरंग, २८ × ४१ सें.मी., पूर्वमालकी ‘खासगी संग्रह, व्हिएन्ना’. ते विकले गेले आहे. हे आमचेच का? इतक्या वर्षांनी कायदा ऐकून घेईल का? वकील करून लिलावगृहाला लगेच नोटीस पाठवावी का?

— एक वाचक, पुणे

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे घाई झाली तर बाकीचे दोन प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतील. आत्ता नोटीस पाठवू नका.

लिलावात चित्र विकत घेणाऱ्याला बहुधा तुमच्या पणजोबांचे नावही माहीत नसेल. त्याच्या हातात नोटीस पडली की तो वकिलाकडे जाईल, वकील त्याला गप्प राहायला सांगेल आणि चित्र कपाटात जाईल. तुम्हाला मात्र ते चित्र पाहायला हवे आहे आणि विशेषतः त्याची मागची बाजू. अशा प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा पुष्कळदा तिथेच असतो: गॅलरीचे लेबल, निळ्या किंवा लाल खडूने लिहिलेला आकडा, लिलावगृहाचा शिक्का, निर्यातीच्या परवानगीचा ठसा, मालवाहतूक कंपनीने चिकटवलेला क्रमांक. मालकाला दुखावून ते पाहायला मिळत नाही.

तुम्हाला तीन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या आहेत. चित्र पणजोबांच्या मालकीचे होते. छळामुळे ते त्यांच्या हातून गेले. आणि कॅटलॉगमधले चित्र तेच आहे. बहुतेक कुटुंबे तिसरी गोष्ट आधीच धरून चालतात, कारण डोळ्यांना ओळख पटलेली असते. प्रकरणे फसतात तीही तिथेच.

ऑस्ट्रियाने या बाबतीत एकदा मोठी किंमत मोजली आहे. व्हिएन्नाच्या नोरा स्टियास्नी यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचे एक चित्र नाइलाजाने कवडीमोलाने विकले. १९४२ मध्ये त्यांची हद्दपारी आणि हत्या झाली. कागदोपत्री त्या चित्राचे नाव फक्त ‘सफरचंदाचे झाड’. २००१ मध्ये ऑस्ट्रियाने व्हिएन्नाच्या बेल्वेदेर संग्रहालयातले ‘सफरचंदाचे झाड २’ त्यांच्या वारसांना परत केले. पुढच्या संशोधनात निघाले की स्टियास्नींचे चित्र ते नव्हतेच. खरे चित्र ‘झाडाखालचे गुलाब’ या नावाने पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात होते. फ्रेंच सरकारने ते १९८० मध्ये विकत घेतले होते आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खास कायदा करून वारसांना दिले. अनुभवी तज्ज्ञ आणि सरकारी समित्या यांच्या नजरेखालून गेलेल्या प्रकरणात एका मोघम शीर्षकाने हा घोळ केला.

तुमच्या बाबतीत हा धोका जास्तच आहे. टीना ब्लाऊ (१८४५–१९१६) यांचा स्टुडिओ व्हिएन्नातल्या प्राटर या मोठ्या उद्यानातच होता. तिथली झाडे, वाटा, कुरणे त्यांनी वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा रंगवली, त्यातली कितीतरी चित्रे लहान फळ्यांवर. ‘ब्लाऊ, प्राटर’ हे वर्णन तुमच्या चित्राला लागू पडते तसे इतर कित्येकांना पडते.

म्हणून त्या एका सेंटिमीटरकडे जरा थांबून पाहू. आजीच्या यादीत ४२, कॅटलॉगमध्ये ४१. चौकटीतले चित्र घरी मोजले की फळीची कड चौकटीच्या खाचेत दडते, त्यामुळे घरचे माप खऱ्या मापापेक्षा कमी भरते, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर प्रत्येक बाजूला. तुमच्याकडे उलटे आहे, घरचे माप जास्त. चौकटीसकट मोजले असते तर फरक एका सेंटिमीटरवर थांबला नसता. मग उरतात तीन शक्यता: कोणीतरी अंदाजाने पूर्णांक लिहिला, फळीची कड नंतर कापली गेली, किंवा हे दुसरे चित्र आहे. कापलेली कड मागून पाहिली की ओळखता येते, कारण जुन्या फळीच्या कडा बहुधा तासून उतरत्या केलेल्या असतात आणि एकाच बाजूचा उतार नाहीसा झालेला असेल तर तिथे करवत फिरली आहे. शिवाय हल्ली उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात, पण घरगुती यादीत तसा नियम नसतो. चित्र आडवे आहे की उभे, हे फोटोवरून ठरवा.

फोटोवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर १२०० डीपीआयला किंवा त्याहून वर स्कॅन करा, टिफ स्वरूपात, दोन्ही बाजू. जुने फोटो ‘सुधारणारी’ अॅप्स चुकूनही वापरू नका. ती नसलेले तपशील भरतात आणि असा फोटो पुरावा म्हणून टाकाऊ ठरतो. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का, तारीख, कागदाचा छाप आहे का पाहा, कारण फोटो मार्च १९३८ च्या, म्हणजे ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात जाण्याच्या, आधीचा आहे हे दाखवता आले तर मालकीचा अर्धा पुरावा तिथेच मिळतो. मग कॅटलॉगचे चित्र त्याच तिरकस कोनात आणून शेजारी ठेवा आणि सही, खोडाचा दुभंग, वाटेचे वळण, आकाशाचा तुकडा कुठे कापला जातो, हे एकेक तपासा. न जुळणारा एकही ठळक तपशील निघाला तर तिथेच थांबायचे. तसे झाले तरी शोध वाया जात नाही, पणजोबांचे चित्र कुठेतरी आहेच. टीना ब्लाऊंच्या कामाविषयी विचारायची जागा म्हणजे बेल्वेदेरचे संशोधन केंद्र. त्यांना फोटोचा स्कॅन पाठवून हे नेमके कोणते चित्र आहे, एवढेच विचारा.

आता कागद. पहिला अर्ज व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियन राज्य अभिलेखागाराला, त्यातल्या ‘आर्खीव डेर रेपुब्लीक’ विभागाला. ऑस्ट्रिया मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीत विलीन झाल्यावर २६ एप्रिलच्या हुकुमाने ५,००० राइश्समार्कपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यू माणसाला तिची नोंद करणे सक्तीचे झाले, मुदत ३० जून. नवरा-बायकोचे अर्ज वेगळे असत. हे अर्ज टिकले आहेत. लुटीची तयारी म्हणून भरून घेतलेला तो कागदच आज वारसांच्या हातातला सर्वांत भक्कम कागद आहे. अर्जाच्या चौथ्या भागात ‘ग’ या पोटकलमात दागिने, चैनीच्या वस्तू, कलावस्तू आणि संग्रह यांची नोंद असते. मागणी करताना नावाबरोबर जन्मतारीख आणि १९३८ चा पत्ता द्या, नाहीतर त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाची फाइल येते. पणजीचीही फाइल मागा. चित्र तिच्या माहेरून आलेले असू शकते आणि तसे असेल तर पणजोबांच्या अर्जात ते दिसणारच नाही.

त्या फाइलकडून फार अपेक्षाही नको. पुष्कळ अर्जांत ‘चित्रे, एकूण अमुक मार्क’ एवढेच असते. विनोदी कलाकार फ्रिट्झ ग्रुनबाउम यांच्या प्रसिद्ध संग्रहाची यादी १९३८ मध्ये मूल्यांकनकार फ्रान्झ कीसलिंगर यांनी केली, तीत चित्रकार एगोन शीलेच्या ८१ कामांचा उल्लेख आहे, पण बहुतेकांची नावे नाहीत. त्या एका उणिवेवर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला. तुमच्या फाइलला मूल्यांकनकाराचा स्वतंत्र अहवाल जोडलेला आहे का, हे आवर्जून विचारा. आणि पहिल्या अर्जावर थांबू नका. १९३८ च्या अखेरीस मालमत्तेतल्या बदलांची माहिती पुन्हा द्यावी लागली होती. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात काय विकावे लागले, ते त्या मागच्या पानांत असते आणि घाईत अर्ज करणाऱ्याला नेमकी तीच पाने मिळत नाहीत. ‘संपूर्ण फाइल, जोडपत्रांसह’ असे स्पष्ट लिहा.

दुसरा अर्ज व्हिएन्नाच्या स्मारक संरक्षण कार्यालयाच्या अभिलेखागाराला, म्हणजे ‘बुंडेसडेंकमालआम्ट’ला. देश सोडणाऱ्याला कलावस्तू बाहेर नेण्यासाठी तिथून परवानगी घ्यावी लागे. अर्जदाराच्या नावाने हे अर्ज शोधता येतात. त्यांत वस्तूंची संख्या, प्रकार, कधी चित्रकाराचे नाव, मालवाहतूक कंपनी आणि मुक्काम लिहिलेला असतो. मुक्कामाच्या जागी मुंबई लिहिलेला आजीच्या नावाचा अर्ज निघाला आणि त्यात ब्लाऊंचे नाव असले, तर प्रकरणाचे रूपच बदलेल.

इथे एक चूक वारंवार होते. परवानगी मिळाली म्हणजे चित्र बाहेर गेले, असे धरले जाते. परवाना हातात असूनही सामान बंदरात अडकून पडे. भाडे थकलेले असे, बोटीच मिळत नसत, युद्ध सुरू झाले की सगळेच थांबले. तुमच्याकडची पावती म्हणूनच मोलाची आहे. तीत कंपनीचे नाव, तारीख, पेट्यांचे क्रमांक, वजन, बंदर आणि सामान कोणाच्या नावाने पाठवले हे सगळे वाचून काढा. बंदर हाम्बुर्ग किंवा ब्रेमेन असेल तर ब्रेमरहाफेनच्या जर्मन सागरी संग्रहालयाचा ‘लॉस्टलिफ्ट’ माहितीसंच पाहा. तिथे अडकलेल्या ज्यू कुटुंबांच्या घरसामानाचे पुढे काय झाले, हे नावानिशी शोधता येते. आजी त्रिएस्तहून निघाली म्हणजे सामानही तिथूनच येणार असण्याची शक्यता मोठी. त्रिएस्तच्या गोदामांत राहिलेले ज्यू कुटुंबांचे सामान सप्टेंबर १९४३ नंतर जर्मनांच्या ताब्यात गेले आणि त्यातले पुष्कळसे ऑस्ट्रियातल्या कॅरिंथिया प्रांतात नेऊन विकले गेले. व्हिएन्नातच राहिलेले सामान १९४० पासून गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, ‘व्हुगेस्टा’ ही संस्था विकत असे. चांगल्या वस्तू डोरोथेउम या लिलावगृहाकडे जात. त्या काळातले लिलाव कॅटलॉग हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकीय स्वरूपात खुले केले आहेत. १९३८ ते १९४५ मधले व्हिएन्नाचे कॅटलॉग घ्या आणि ‘ब्लाऊ’ शोधा. माप आणि फळीचा उल्लेख जुळला तर दोन वर्षांपूर्वीच्या कॅटलॉगमधल्या ‘खासगी संग्रह, व्हिएन्ना’ या शब्दांमागची पोकळी भरायला लागते. त्या शब्दांतून १९३८ ते १९४५ बद्दल काहीच कळत नाही, हे लक्षात ठेवा.

पणजोबांनीच चित्र विकले होते, असे निघाले तर? नाउमेद होऊ नका. १९३८ नंतर व्हिएन्नात ज्यू माणसाने केलेली विक्री मोकळ्या मनाने झाली, असे मानता येत नाही. देश सोडायचा तर मालमत्तेच्या २५ टक्के ‘पलायन कर’, नोव्हेंबर १९३८ नंतर आधी २० आणि मग २५ टक्के वेगळा दंड, आणि विकून आलेले पैसे गोठवलेल्या खात्यात. ऑस्ट्रियाने मे १९४६ च्या कायद्याने त्या काळातले असे व्यवहार तत्त्वतः रद्दबातल ठरवले. त्यामुळे विक्रीची पावती मिळाली तरी विचारायचे दोन प्रश्न राहतात: किंमत रास्त होती का, आणि ते पैसे त्यांना वापरता आले का.

एक शोध घरातच करायचा राहतो. युद्धानंतर आजीने पुण्याहून काही अर्ज केले होते का? १९४६ ते १९४९ या काळात ऑस्ट्रियात परतीचे सात कायदे झाले, त्यांच्या मुदती पुढे १९५० च्या दशकात संपल्या. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीनेही भरपाईचा कायदा केला. त्या वेळी कुटुंबाने केलेल्या अर्जात चित्राचे वर्णन ताज्या आठवणीतून आलेले असते, आजच्या कुठल्याही निवेदनापेक्षा त्याला वजन जास्त. नावाने शोधायला ‘फाइंडबुख’ हे नाझी छळाच्या बळींसाठी असलेल्या ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय निधीचे संकेतस्थळ वापरा. त्या चित्रापोटी तेव्हा पैसे मिळाले असतील तर ते लपवू नका. चित्र परत मिळताना ती रक्कम परत करावी लागू शकते, पण हक्क तेवढ्याने बुडत नाही. लपवलेले नंतर उघड झाले तर मात्र सगळ्यांचाच विश्वास उडतो.

शोधताना नावांची जंत्री करून ठेवा: आजीचे माहेरचे नाव, सासरचे, ‘सी’ आणि ‘के’ अशी दोन्ही स्पेलिंगे, आणि नाझी हुकुमाने १९३९ पासून ज्यू स्त्रियांच्या नावात सक्तीने घुसवलेले ‘सारा’, पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’. व्हिएन्नातली ती मुलगी आणि पुण्यातली तुमची आजी एकच, हे कागदाने जोडावे लागते. तिथे भारतातले कागद कामी येतात. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झाले असेल तर त्याची नोंद; दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली नागरिकत्वाची आणि परदेशी नागरिकांची फाइल, जी ‘अभिलेख पटल’वर नावाने शोधता येते; आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्राचे अभिलेखागार. युद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन पासपोर्टवाल्यांना, त्यात ज्यू निर्वासितही आले, शत्रुदेशाचे नागरिक म्हणून नोंदवले होते. काहींना पुरंदर किंवा साताऱ्याला देखरेखीखाली ठेवले. त्या अपमानाच्या कागदांवर जन्मतारीख, जन्मगाव, आल्याची तारीख, आईवडिलांची नावे असा तपशील मिळतो. पणजोबांसाठी व्हिएन्नातल्या प्रतिकार अभिलेखागाराचा (संक्षेपाने डीओडब्ल्यू) बळींचा माहितीसंच पाहा आणि जर्मनीतल्या बाड आरोल्सेन इथल्या अभिलेखागाराला चौकशीचा अर्ज करा. तो विनामूल्य असतो. उत्तराला काही महिने लागतात, म्हणून तो आधी टाका.

वारसांचा प्रश्न लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. पणजोबांचा वारसा आजीइतकाच तिच्या भावाचा. ऑस्ट्रेलियातल्या त्या शाखेला आत्ताच कळवा. त्यांना वगळून केलेली तडजोड कोणतेही संग्रहालय किंवा शहाणा खरेदीदार मान्य करणार नाही, आणि कदाचित त्यांच्याकडेच चित्राचा दुसरा फोटो असेल. पणजोबांना न्यायालयाने मृत घोषित केल्याची आणि वारसाहक्काची फाइल युद्धानंतर व्हिएन्नात झाली असेल, तिची प्रत मागवा. आजीकडून आईकडे आणि आईकडून तुमच्याकडे हक्क आला, हे दाखवायला पुण्यातले बरेच वकील सवयीने उत्तराधिकार प्रमाणपत्र काढायला सांगतात. ते भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली फक्त येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. चित्रासाठी त्याचा उपयोग नाही. तुम्हाला हवा आहे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयाने दिलेला वारस दाखला. आजीचे मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, लागेल का, ते आधी विचारा. ऑस्ट्रियात दाखवायचे भारतीय कागद आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले प्रमाणपत्र) घ्यावे लागते, आणि जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराचे. आजीची पेन्सिलची यादी कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असेल तर पुण्यात जर्मन उत्तम येणाऱ्यालाही ती वाचता येईलच असे नाही. ती लिपी जाणणाराच शोधा.

आता कायदा. तो ठरतो चित्र आज कुठे आणि कोणाकडे आहे यावर. ते ऑस्ट्रियाच्या केंद्रीय संग्रहालयात असते तर वाट सोपी होती. १९९८ च्या कला परतावा कायद्याखाली तिथे मुदत नाही, वकील लागत नाही, पूर्वमालकी संशोधन आयोग सरकारी खर्चाने तपास करतो, सल्लागार मंडळ शिफारस करते आणि मंत्री निर्णय घेतात. मात्र तो तुमचा दावा नसतो. सरकार आपण होऊन परत देते, आणि निर्णयावर अपील नाही. व्हिएन्ना शहराच्या संग्रहालयांसाठी १९९९ पासून वेगळी तशीच व्यवस्था आहे.

तुमचे चित्र खासगी हातात आहे आणि त्या कायद्याचा हात तिथे पोचत नाही. उलट ऑस्ट्रियाचा नागरी कायदा जाहीर लिलावात सद्हेतूने घेणाऱ्याला संरक्षण देतो, विकणारा खरा मालक नसला तरी. ही गोष्ट कडू आहे आणि ती आधीच कळलेली बरी: व्हिएन्नात दावा लावून चित्र परत मिळण्याची शक्यता कमी आहे. स्वित्झर्लंडमध्येही २००५ आधीच्या सद्हेतूच्या खरेदीला ५ वर्षांनी पक्की मालकी मिळत असे. अमेरिकेत तत्त्व वेगळे, चोराकडून पुढे कोणालाच खरी मालकी मिळत नाही. २०१६ च्या केंद्रीय कायद्याने तिथे माहिती झाल्यापासून ६ वर्षांची मुदत दिली. तो कायदा मुळात २०२६ अखेरपर्यंतचा होता, म्हणून चित्र अमेरिकेत गेल्याचे कळले तर तिथल्या वकिलाला पहिल्याच दिवशी मुदतीबद्दल विचारा. तुम्ही कॅटलॉग पहिल्यांदा कोणत्या तारखेला पाहिला, हेही आजच लिहून ठेवा. चित्र देश बदलते तसे त्याचे नशीब बदलते. शीलेचे ‘वालीचे चित्र’ व्हिएन्नात निवांत होते. १९९७ मध्ये प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कला गेले, तिथे अडवले गेले आणि २०१० मध्ये लेओपोल्ड संग्रहालयाने मूळ मालकीण लेआ बोंडी यांच्या वारसांना १ कोटी ९० लाख डॉलर दिले.

मग तुमचे बळ कशात? नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबद्दलची १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वे ४४ देशांनी स्वीकारली. ती खासगी मालकावर बंधनकारक नाहीत, पण कलाबाजार त्यांच्याकडे दुर्लक्ष करू शकत नाही. दावा असलेले चित्र मोठी लिलावगृहे विकायला घेत नाहीत. म्हणून जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या केंद्राकडे ‘लॉस्ट आर्ट’ या माहितीसंचात शोधनोंद करा आणि लंडनच्या ‘आर्ट लॉस रजिस्टर’लाही कळवा. नोंदीत पणजोबांच्या चित्राचेच वर्णन द्या: फोटो, माप, कधी आणि कसे गेले. ‘अमक्याने विकत घेतलेले हेच ते’ असे सिद्ध होण्याआधी लिहू नका. खऱ्या माहितीवर आधारलेली शोधनोंद ही आजच्या मालकाच्या हक्कात ढवळाढवळ ठरत नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये दिला आहे. त्याचे संरक्षण खरे लिहिणाऱ्यालाच मिळते.

राज्य अभिलेखागार आणि स्मारक कार्यालय यांची उत्तरे हातात आल्यावर लिलावगृहाला पत्र लिहा. त्यांच्याकडे पूर्वमालकी तपासणारा विभाग असेल तर त्यालाच. एका पानात आटपा. १९३८ मध्ये आमच्या पणजोबांकडे या चित्रकर्तीचे असे चित्र होते, सोबत फोटो आणि कागद; तुमच्या अमुक लिलावातल्या अमुक क्रमांकाशी साम्य दिसते; चित्राच्या मागच्या बाजूचे फोटो आणि १९३८ ते १९४५ मधली तुमच्याकडची माहिती मिळेल का; आणि हे पत्र आजच्या मालकापर्यंत पोचवाल का. खरेदीदाराचे नाव मागू नका, ते देणार नाहीत आणि नकारानेच पत्रव्यवहार सुरू होईल. पैशाचा आकडा लिहू नका. ‘चोरी’ हा शब्द आजच्या मालकाच्या संदर्भात येऊ देऊ नका. त्याने काही चोरलेले नाही.

मालक बोलायला तयार झाला, तर वकिलाची वेळ तेव्हा येते, आणि वकील व्हिएन्नातला, अशा प्रकरणांचा अनुभव असलेला. ऑस्ट्रियात वकिलाने मिळणाऱ्या मालमत्तेतला हिस्सा फी म्हणून ठरवणे बेकायदा आहे. दरम्यान टक्केवारीवर ‘सगळे करून देतो’ म्हणणारे वारस-शोधक भेटतील. मोठा वाटा आणि बिनशर्त मुखत्यारपत्र मागणाऱ्याला सही देऊ नका. व्हिएन्नातल्या ज्यू समाजसंस्थेचा परतावा विभाग आणि राष्ट्रीय निधी यांना आधी विचारा, त्यांचे कामच हे आहे.

खासगी प्रकरणांचा शेवट बहुधा असा होतो: चित्र दोघांच्या संमतीने विकले जाते आणि रक्कम वाटली जाते, किंवा मालक काही रक्कम देऊन चित्र ठेवतो आणि यापुढे पूर्वमालकीत तुमच्या कुटुंबाचे नाव छापले जाते. तुम्हाला आणि ऑस्ट्रेलियाच्या शाखेला यातले काय हवे, ते बोलणी सुरू होण्याआधी घरात ठरवून लिहून ठेवा. चित्रच परत घेऊन पुण्याला आणायचे ठरले तर सीमाशुल्क आणि कर यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट तपासा: १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत १०० वर्षांहून जुने चित्र येते. ब्लाऊ १९१६ मध्ये वारल्या, म्हणजे हे चित्र येणारच. एकदा ते भारतात आले की पुन्हा बाहेर पाठवणे फार अवघड होऊ शकते.

या आठवड्यात चार पत्रे टाका: राज्य अभिलेखागार, स्मारक संरक्षण कार्यालय, आरोल्सेन आणि ऑस्ट्रेलियातले नातेवाईक. फोटो, यादी आणि पावती स्कॅन करून झाली की मूळ कागद आम्लविरहित पाकिटात, पुण्याच्या पावसाळी दमटपणापासून दूर ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी मूळ प्रत टपालाने पाठवू नका.